पडद्यावर ‘उपलब्ध’, रॅकवर नाही: विद्यापीठाचं ग्रंथालय आतून समजून कसं वापरावं

संगणकावर ‘उपलब्ध’ दिसतंय आणि रॅकवर पुस्तक नाही. ग्रंथालयाच्या काउंटरमागे काढलेल्या वर्षांत ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, तितकी दुसरी कुठलीच नाही. समोरचा वैतागलेला असतो, ‘कुणीतरी ढापलं असणार’ असं म्हणतो, आणि बहुतेक वेळा पुस्तक त्याच इमारतीत असतं. पत्ता चुकलेला असतो. कधी पुस्तकाचा, कधी शोधणाऱ्याचा.

लाखभर पुस्तकांत जागा चुकलेलं पुस्तक आणि नसलेलं पुस्तक, वाचकाला दोन्ही सारखीच. खरेदीपासून झाडलोटीपर्यंत ग्रंथालयात दिवसभर जी धावपळ चालते ती नोंदीतली जागा आणि पुस्तकाची खरी जागा जुळती ठेवण्यासाठी. ती कशी जुळवतात हे एकदा कळलं की तुम्हाला हवं ते निम्म्या वेळात सापडायला लागतं. नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यासाठी हे लिहितोय. ग्रंथालयात नुकत्याच रुजू झालेल्यालाही उपयोगी पडेल.

पहिल्या आठवड्यात: काहीही न शोधता एक फेरी

सदस्यत्वाचा अर्ज, ओळखपत्र, छायाचित्र हे सगळं सूचनाफलकावर लिहिलेलं असतं, त्यात शिरत नाही. खातं सुरू झालं की त्यात रोज उघडता तो ईमेल पत्ता आहे ना, एवढं पाहा. परतीच्या तारखेची आठवण, राखून ठेवलेलं पुस्तक आल्याची सूचना, सगळं तिथेच येतं. अर्जात घाईने जुना पत्ता लिहायचा आणि मग दंड भरताना ‘मला कळवलंच नाही’ म्हणून भांडायचं, हे दर सत्रात ठरलेलं.

त्यानंतर अर्धा तास काढून सगळे मजले फिरा. रॅकच्या टोकाला लावलेल्या पाट्यांवर कुठून कुठपर्यंतचे क्रमांक आहेत, परत आलेली पुस्तकं ठेवायची ट्रॉली कुठे उभी असते, वाचून झालेली पुस्तकं टेबलावर ठेवायची की परत रॅकवर, झेरॉक्स कुठे, संदर्भ विभागात कोण बसतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात या गोष्टी विचारत फिरायला वेळ नसतो आणि सांगायला कुणी मोकळंही नसतं.

संग्रह एक नसतो, अनेक असतात

‘ग्रंथालयात पुस्तकं असतात’ एवढ्यावर थांबलात तर अर्धा संग्रह तुम्हाला कधी दिसणारच नाही. एकाच पुस्तकाच्या चार प्रती चार विभागांत असू शकतात आणि प्रत्येकीचा नियम वेगळा.

घरी नेता येतात ती देवघेव विभागातली पुस्तकं. संदर्भ विभागातली कोश, गॅझेटिअर, वार्षिकं, हस्तपुस्तिका बाहेर जात नाहीत, कारण ती कुणी सलग वाचत नाही; कुणाला पान ४१२ हवं असतं, कुणाला पान ९, तेही पाच मिनिटांसाठी. क्रमिक पुस्तकांच्या काही प्रती ‘राखीव’ म्हणून वेगळ्या काढतात, त्या काही तासांसाठी किंवा रात्रीपुरत्याच मिळतात. चाळीस जणांच्या वर्गाला तीन प्रती पुरवायच्या तर दुसरा इलाज नाही.

नियतकालिकांत एक फसगत नेहमी होते. चालू वर्षाचे अंक सुटे, मांडणीवर दिसतात. वर्ष संपलं की अंक गोळा करून, राहिलेला एखादा मागवून, सूची जोडून ते बांधणीला पाठवतात, आणि त्यांचा एक बांधीव खंड होऊन तो वेगळ्या दालनात जातो. मधल्या काळात अंक इकडेही नसतात, तिकडेही नसतात. मागच्या वर्षीचा अंक कुठेच दिसला नाही तर ‘बाइंडिंगला गेलाय का?’ असं सरळ विचारा. आमच्याकडे त्याची यादी असते.

प्रबंध बहुधा तिथेच बसून वाचायचे. विषय ठरवण्याआधी आपल्या विभागातले मागचे पाचसहा प्रबंध उघडून शेवटची संदर्भसूची तेवढी वाचावी; मार्गदर्शकाशी बोलताना फार उपयोग होतो. हस्तलिखितं आणि दुर्मीळ ग्रंथ बंद दालनात असतात. तिथे चिठ्ठी भरायची आणि पुस्तक टेबलावर येईपर्यंत थांबायचं. शाईचं पेन नाही, पेन्सिल. पिशवी बाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि दुमडला की तुटतो. गंमत अशी, की त्याहून जुना, चिंध्यांपासून केलेला कागद पुष्कळदा जास्त धडधाकट असतो. तेव्हा ‘जुनं म्हणजे नाजूक’ हा हिशोब चालत नाही. १९२० सालचं पुस्तक १७८० सालच्या पुस्तकापेक्षा जपून उलटावं लागेल.

आणि इलेक्ट्रॉनिक संग्रह. डेटाबेस आणि ई-नियतकालिकं बव्हंशी भाड्याने घेतलेली असतात. वर्गणी थांबली की कधी सगळं बंद होतं, कधी वर्गणीच्या काळातले जुने अंक चालू राहतात. करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. छापील अंकाची वर्गणी बंद केली तरी रॅकवरचा खंड कुणी उचलून नेत नाही. म्हणून ‘सगळं ऑनलाइन आहे, मग छापील कशाला’ या प्रश्नावर जुने ग्रंथपाल हसतात.

पुस्तक रॅकवर येण्याआधी काय काय होतं

दुकानात आलेलं पुस्तक ग्रंथालयात यायला इतके दिवस का लागतात? एका पुस्तकाच्या मागे चालत जाऊ.

कुणीतरी शिफारस करतं. बहुतेक वेळा प्राध्यापक, पण विद्यार्थीही करू शकतो आणि फार थोडे करतात. शिफारशीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळखक्रमांक, लिहिलात तर काम कितीतरी हलकं होतं. हा आकडा २००७ पासून तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता. नवी आवृत्ती निघाली की तो बदलतो, कापडी आणि कागदी बांधणीचेही वेगवेगळे असतात. नुसतं नाव लिहून दिलंत तर दुसरीऐवजी पाचवी आवृत्ती येऊ शकते, आणि मग तुमची पानं जुळत नाहीत.

मग खरेदी विभाग पुस्तक आधीच संग्रहात आहे का ते तपासतो, विक्रेत्याला मागणी जाते, पुस्तक येतं, बिलाशी पडताळलं जातं. कोरी, उलटी बांधलेली किंवा दोनदा छापलेली पानं आहेत का हे इथेच बघायचं असतं. एकदा का शिक्का बसला की विक्रेता परत घेत नाही.

पुढची पायरी दाखल क्रमांकाची. प्रत्येक प्रतीला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि तो दाखल नोंदवहीत चढतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती म्हणजे पाच दाखल क्रमांक, पण बोधांक, म्हणजे रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक, एकच. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. शीर्षकपानावर शिक्का बसतो, त्याच्या मागे बसतो, आणि पुष्कळ ग्रंथालयांत एक ‘गुप्त पान’ही असतं. समजा ३७ ठरलं, तर प्रत्येक पुस्तकाच्या ३७व्या पानावर शिक्का. सुरुवातीची पानं कुणी फाडली तरी पुस्तक कुणाचं ते त्यावरून कळतं. प्रत्येक ग्रंथालयाचं पान वेगळं. आमचं कोणतं ते अर्थातच सांगणार नाही.

त्यानंतर वर्गीकरण, मग तालिकेत, म्हणजे संग्रहाच्या यादीत (कॅटलॉगमध्ये) नोंद, मग कण्यावर लेबल आणि आत बारकोड किंवा आरएफआयडीची, म्हणजे यंत्राला दुरून वाचता येणारी, चिठ्ठी. तालिकेत तुम्हाला जी सुबक नोंद दिसते, तिच्या मागे आम्हाला नुसते आकडे दिसतात: १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. मार्क नावाची ही पद्धत १९६०च्या दशकातली. नोंद एका संगणकातून दुसऱ्यात जाताना विस्कटू नये म्हणून बनवलेली, आणि अजून हलायला तयार नाही.

तालिकेत एखादं पुस्तक ‘प्रक्रियेत’ असं दिसलं तर ते वर्गीकरणवाल्यांच्या टेबलावर आहे असं समजा. तातडीचं असेल तर काउंटरवर सांगा. ढिगातून वर काढून एका दिवसात हातात दिलेली पुस्तकं मी पाहिली आहेत, पण मागितल्याशिवाय कुणी वर काढत नाही.

तालिकेत शोधताना

ग्रंथालयाच्या शोधपानाला सगळे ओपॅक म्हणतात. आज अनेक ठिकाणी ते ‘कोहा’वर चालतं. ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली तिथल्या एका ग्रंथालयात सुरू झाली. प्रणाली कोणतीही असो, शोधायची रीत तीच.

शीर्षक नक्की माहीत नसेल तर ते पूर्ण टाइप करू नका. त्यातले दोन ठळक शब्द आणि लेखकाचं आडनाव टाका, एवढं पुरतं. मिळालेल्या नोंदीत विषयाची ओळ असते, तिच्यावर टिचकी मारा. त्याच विषयाची सगळी पुस्तकं समोर येतात. एक चांगलं पुस्तक सापडलं की त्याच्या पाठीवर बसून बाकीची शोधायची, ही सगळ्यात सोपी युक्ती आहे आणि शंभरातले नव्वद जण ती वापरत नाहीत. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं कुणीच नाही.)

मराठी पुस्तकांचं दुखणं वेगळं. जुन्या प्रणालींना देवनागरी येत नव्हती, त्यामुळे हजारो मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन अक्षरांत चढल्या, आणि टंकणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे चढवल्या. ‘शिक्षण’ मधला क्ष कुणी ‘केएसएच’ लिहिला, कुणी एका ‘एक्स’वर भागवलं. ‘व’साठी कुणाचा ‘व्ही’, कुणाचा ‘डब्ल्यू’. दीर्घ आकारासाठी कुणी दोन ‘ए’ लावले, कुणी एकावर समाधान मानलं. नव्या नोंदी देवनागरीत आहेत, पण तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच. म्हणून मराठी पुस्तक मिळालं नाही तर हार मानण्याआधी क्रमाने हे करून बघा: देवनागरीत फक्त आडनाव, मग रोमनमध्ये आडनाव, दोनतीन प्रकारच्या स्पेलिंगने, मग शीर्षकातला असा शब्द, ज्याचं स्पेलिंग एकाच प्रकारे होऊ शकतं. ‘कविता’ ऐवजी ‘निबंध’ शोधणं सोपं जातं ते याचमुळे. तरीही नसेल तर संदर्भ विभागात या. नोंद आहे पण दिसत नाही, असं निघण्याची शक्यता बरीच असते.

नोंद सापडली की चार गोष्टी टिपा: बोधांक, विभाग, प्रतींची संख्या आणि प्रत्येकीची सद्यस्थिती. सरळ मोबाइलवर फोटो काढा. हातावर अर्धवट आकडा लिहून रॅककडे निघालेला माणूस दहा मिनिटांत परत येतो.

बोधांक वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळं यावर उभं आहे.

कण्यावरच्या लेबलवर दोन-तीन ओळी असतात. वरची वर्गांकाची, म्हणजे विषय. खालची ग्रंथांकाची, म्हणजे बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. कधी त्याखाली वर्ष किंवा खंड. दोन्ही मिळून बोधांक, ज्याला काउंटरवर सगळे ‘कॉल नंबर’ म्हणतात. आधी एखादं अक्षर असेल तर ते विभाग सांगतं, संदर्भ किंवा प्रबंध वगैरे. ते अक्षर गाळून आकडा लिहून घेतलात तर भलत्याच मजल्यावर जाल.

सर्वांत रुळलेली वर्गीकरण पद्धत मेलविल ड्यूईची, १८७६ सालची. तिच्यात सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलंय: ००० सामान्य आणि संगणक, १०० तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. मराठी भाषा ४९१.४६ वर आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर, त्यात कविता ८९१.४६१, कथा-कादंबरी ८९१.४६३. भाषा आणि साहित्य यांच्यात कितीतरी रॅक पडलेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी खटकतं. काही ग्रंथालयं रंगनाथन यांची १९३३ सालची द्विबिंदू पद्धत वापरतात, तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अक्षरांनी सुरू होणारी लायब्ररी ऑफ काँग्रेसची.

सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात ती जागा म्हणजे दशांश. टिंबानंतरचा भाग पूर्ण संख्या म्हणून वाचायचा नाही. ५१९.१२ आणि ५१९.५ यांत आधी कोण? बारा पाचापेक्षा मोठे, म्हणून ५१९.५ आधी असं वाटतं, आणि माणूस शोधत उजवीकडे जातो. खरं उलटं आहे. एकेक अंक बघायचा: १ हा ५च्या आधी, म्हणून ५१९.१२ आधी. रॅकवरचा क्रम असा लागतो: ५१९.१२, ५१९.२, ५१९.५, ५१९.५४, ५२०. संख्याशास्त्राचा एक संशोधक याच गोंधळात आठवडाभर ‘पुस्तक नाही’ म्हणत होता. त्याला दशांश समजावताना दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं.

दुसरी चूक दिशेची. रॅक डावीकडून उजवीकडे वाचायचा, पण एका कप्प्याचा शेवट आला की त्याच खणातल्या खालच्या कप्प्यावर उतरायचं. तो खण तळापर्यंत संपला की शेजारचा खण वरून सुरू. नवखा माणूस वरच्या कप्प्याची ओळ धरून रांगेच्या टोकापर्यंत चालत जातो आणि क्रमांक उड्या का मारतायत म्हणून चक्रावतो.

तिसरी गोष्ट जरा खोल आहे. ड्यूई विषयाला जागा देत नाही, शाखेला देतो. पाण्यावर अभ्यास करायचाय असं समजा. पाणी या साधनसंपत्तीचं अर्थकारण ३३३.९१ वर. नद्या आणि तलावांचं विज्ञान ५५१.४८ वर. धरणं आणि जलबांधकाम ६२७ वर. शहराचा पाणीपुरवठा ६२८.१ वर. शेतीचं सिंचन ६३१.५८७ वर. पाण्याची पुस्तकं एका रॅकवर नाहीतच, इमारतभर विखुरलीत. रॅकसमोर उभं राहून आजूबाजूची पुस्तकं चाळणं ही उत्तम सवय आहे, पण आधी तालिकेतून आपला विषय कोणकोणत्या क्रमांकांवर पसरलाय त्याची यादी करा आणि मग प्रत्येक ठिकाणी जाऊन चाळा. ही यादी एकदाच करायची असते, तीन-चार वर्षं पुरते.

आणि पुस्तक नाहीच मिळालं तर

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. पडद्यावर उपलब्ध, जागेवर नाही. मी स्वतः शोधतो तो क्रम सांगतो.

आधी जागेच्या डावी-उजवीकडची दहा-दहा पुस्तकं. मग बरोब्बर वरचा आणि खालचा कप्पा. पातळ पुस्तक असेल तर दोन जाड पुस्तकांच्या मधे आणि ओळीच्या मागेही हात घाला, मागे सरकून पडलेली पुस्तकं तिथे राहतात. मग आकड्यांची अदलाबदल करून बघा: ३०५ असेल तर ३५० ला जा, ६२१ असेल तर ६१२ ला. घाईत लावणाऱ्याचा डोळा असाच चुकतो. मग लेबल बघणं सोडा आणि रंग-आकारावरून शोधा. मोठ्या आकाराची पुस्तकं कप्प्यात मावत नाहीत म्हणून रांगेच्या तळाला किंवा वेगळी ठेवलेली असतात.

तिथेही नसेल तर पुस्तक फिरतं आहे. वाचनकक्षातली टेबलं, झेरॉक्स मशीनच्या शेजारचा ढीग, परतीची ट्रॉली. काल परत आलेलं पुस्तक संगणकात लगेच ‘उपलब्ध’ होतं, रॅकवर मात्र उद्या दुपारी पोचतं. ‘उपलब्ध’ खरं असूनही पुस्तक न दिसण्याचं सर्वांत साधं कारण हेच.

एवढं करूनही नाही मिळालं तर काउंटरवर शोधविनंती द्या. त्यात बोधांकाबरोबर दाखल क्रमांकही लिहा, म्हणजे नेमकी कुठली प्रत शोधायची ते कळतं. चार-आठ दिवसांत सापडत नसेल तर ती प्रत ‘गहाळ’ म्हणून नोंदवतात, आणि मग बदली प्रत घेण्याचा विचार होतो. तुम्ही विनंती दिलीच नाहीत तर पुढची साठापडताळणी होईपर्यंत ते पुस्तक कागदोपत्री ‘उपलब्ध’च राहील आणि तुमच्यासारखे आणखी कितीजण हेलपाटे घालतील.

एक कटू गोष्ट. पुष्कळ पुस्तकं विद्यार्थीच लपवतात. परीक्षेआधी अर्थशास्त्राचं पुस्तक उचलून संस्कृतच्या रॅकवर ठेवायचं, म्हणजे फक्त आपल्याला सापडेल. गमतीचा भाग असा, की लपवणाऱ्यालाही नंतर जागा आठवत नाही. सुट्टीत साफसफाईला काढलं की भलत्या विषयांच्या कप्प्यांतून हीच पुस्तकं निघतात, साधारण दरवर्षी तीच नावं.

नेताना, आणताना

पुस्तक नेण्याआधी काउंटरवरच भराभर पानं चाळा. फाटलेलं पान, अधोरेखनं, निघालेली बांधणी दिसली तर तिथेच दाखवा आणि पुस्तकात शेरा मारून घ्या. नाहीतर परत करताना ते तुमच्या माथी येतं. परत करताना नोंद उतरल्याशिवाय हलू नका, किंवा घरी गेल्यावर खातं उघडून बघा. गर्दीत बारकोड वाचला गेला असं वाटतं आणि वाचलेला नसतो. तुमच्या नावावर असलेलं पुस्तक रॅकवर सापडलं तर दंड रद्द होतो खरा, पण तोवर मनस्ताप होतो तो होतोच.

मुदतवाढ घरबसल्या होते, फक्त त्या पुस्तकाला दुसऱ्या कुणाची मागणी नको. दुसऱ्याकडे असलेलं पुस्तक हवं असेल तर आरक्षण टाका. आरक्षण पडलं की समोरच्याला मुदतवाढ मिळत नाही, हा त्याचा खरा फायदा.

हरवलं तर लगेच सांगा. दंड त्या दिवसापासून वाढायचा थांबतो आणि पुढचा मार्ग, नवी प्रत आणून देणं किंवा किंमत भरणं, नियमाप्रमाणे ठरतो. नवी प्रत आणणार असाल तर आवृत्ती विचारून घ्या.

संदर्भ विभागात काय आणि कसं विचारावं

‘सर, पर्यावरणावर काही आहे का?’ असा प्रश्न आला की आम्ही उलट प्रश्न विचारायला लागतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, हे टाळतायत. तसं नसतं. त्या प्रश्नामागचा खरा प्रश्न बाहेर काढायचा असतो. एकदा असंच खोदत गेल्यावर कळलं की मुलीला हवा होता एका नदीच्या पाण्यातल्या नायट्रेटचा मागच्या काही वर्षांचा तक्ता. त्यासाठी पुस्तक नाही, सरकारी अहवाल लागत होता, आणि तो वीस मिनिटांत निघाला.

म्हणून येताना चार वाक्यं तयार ठेवा: नेमकं काय शोधताय, कशासाठी, आत्तापर्यंत कुठे शोधलंत, कधीपर्यंत हवंय. तिसरं वाक्य फार मोलाचं आहे. ‘अमुक डेटाबेसमध्ये अमुक शब्द टाकून पाहिले’ असं सांगितलंत की आम्ही तिथून पुढे सुरू करतो. आणि सकाळी लवकर किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर या. काउंटरवर रांग असताना आलात तर उत्तरही रांगेच्या घाईने मिळतं.

लेख मिळवायचा असेल तर

मार्गदर्शकाने संदर्भ दिला: लेखक, वर्ष, लेखाचं नाव, नियतकालिक, खंड, अंक, पानं. तालिकेत लेखाचं नाव शोधून काही मिळणार नाही, कारण तालिका नियतकालिकं नोंदवते, त्यातले लेख नव्हे. नियतकालिकाचं नाव शोधा. नावं सारखी असतील तर आयएसएसएन बघा, मधे आडवी रेघ असलेला आठ अंकी क्रमांक. संदर्भात १०ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, असेल तर काम आणखी सोपं, तो थेट लेखाच्या पानावर नेतो.

तिथे पैसे मागितले म्हणून तुमच्या ग्रंथालयाकडे तो लेख नाही असं समजू नका. प्रकाशक तुम्हाला ओळखतो तो विद्यापीठाच्या जाळ्यावरून. घरून उघडलं तर त्याच्या लेखी तुम्ही अनोळखी. ग्रंथालयाच्या पानावरून, विद्यापीठाच्या लॉगिनने आत शिरा आणि तोच लेख पुन्हा उघडा. तरीही नसेल तर लेखकाने मुक्त भांडारात, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल अशा ऑनलाइन संग्रहात, ठेवलेली प्रत शोधा. भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांची १९९१ पासून चालत आलेली ‘अर्काइव्ह’ ही अशी पहिली मोठी जागा. शेवटचा मार्ग आंतरग्रंथालयीन देवघेव, म्हणजे आमचं ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडून ती प्रत मागवून देतं. काही दिवस लागतात, पण ही सेवा आहे हेच अनेकांना माहीत नसतं.

शोधताना दोन शब्दांमध्ये ‘अँड’ टाकलं की निकाल कमी होतात, ‘ऑर’ टाकलं की वाढतात, अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द सलग शोधले जातात. एवढं आलं तरी पुष्कळ.

आणि हे मात्र कधीही करू नका: एखाद्या नियतकालिकाचे सगळे अंक एका रात्रीत डाउनलोड करणं. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच दिसतं आणि तो संपूर्ण विद्यापीठाचा प्रवेश बंद करू शकतो. सकाळी शेकडो लोकांचं काम अडतं आणि ग्रंथपालाला माफीचं पत्र लिहावं लागतं. कुठल्या खात्यातून झालं हेही कळतं.

आमचा दिवस

दार उघडण्याआधी तासभर ग्रंथालय चालू असतं. काल रात्रीची ट्रॉली आधी शाखेप्रमाणे, मग क्रमांकाने लावून घ्यायची आणि नंतर रॅककडे न्यायची. न लावता नेली तर चालण्यातच सकाळ जाते. वर्तमानपत्रांवर शिक्के मारून दांड्यांना अडकवायची. पेटीत रात्री पडलेली पुस्तकं उतरवायची.

मग प्रत्येकाला वाटून दिलेल्या रॅकची मांडणीदुरुस्ती. एकेक लेबल वाचत जायचं आणि चुकलेलं पुस्तक काढून जागेवर ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे; अर्ध्या तासाने डोळे लेबल बघतात पण वाचत नाहीत. नव्याने लागलेल्यांना मी सांगतो, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटंच करा आणि क्रमांक ओठांत पुटपुटत वाचा. पुटपुटल्याने चुका सापडतात. दिसायला वेडेपणा वाटतो, पण वर्षानुवर्षं मी तसंच करतो.

वाचकांनी रॅकवर पुस्तक परत लावू नये, टेबलावर ठेवावं, असं आम्ही सांगतो त्याची कारणं दोन. एक तर चुकीच्या जागी लागतं. दुसरं, टेबलावरची पुस्तकं उचलताना आम्ही ती मोजतो. घरी न नेता तिथेच बसून वाचलेल्या पुस्तकाचा वापर यातूनच कळतो, आणि वर्षअखेरीस कोणतं पुस्तक ठेवायचं, कोणतं बाद करायचं ते ठरवताना तो आकडा समोर असतो. तुम्ही सभ्यपणे परत लावलेलं पुस्तक आमच्या लेखी कुणी वाचलेलंच नसतं.

साठापडताळणीत प्रत्येक प्रत हातात घेऊन दाखल क्रमांकाशी ताडतात. आरएफआयडी असेल तर यंत्र कप्प्यावरून फिरवलं की काम होतं. नसेल तर एकाने क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची. त्या दिवसांत देवघेव बंद असते, म्हणून सूचना लागली की आधीच पुस्तकं घेऊन ठेवा.

सोडून जाताना

ना-देय प्रमाणपत्रासाठी शेवटच्या दिवशी रांग लागते. महिनाभर आधी खातं तपासा. विद्यापीठाचा ईमेल बंद झाला की डेटाबेसमध्ये त्याच्या नावाने जतन केलेले शोध आणि याद्याही जातात, त्या आधीच उतरवून घ्या. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा सोळा अंकी ओळखक्रमांक, काढला असेल तर त्यात तुमचा खाजगी ईमेल जोडा. प्रबंध भांडारात देताना सही करण्याआधी प्रवेशाच्या अटी वाचा: लगेच खुला करायचा की काही काळ रोखून ठेवायचा, तो पर्याय त्याच अर्जात असतो. आणि कपाटाची किल्ली परत करा. दर जूनमध्ये आमच्याकडे एक-दोन कपाटं फोडावी लागतात, आणि आत हमखास ग्रंथालयाचंच एखादं पुस्तक निघतं.